कातडीचं भेटकलम

पाऊस लागला की रत्नागिरीकडच्या रोपवाटिकांत कलमं बांधायची घाई उडते. आता बहुतेक ठिकाणी कोय कलम करतात. बाठा रुजून आलेल्या कोवळ्या रोपाचा शेंडा छाटायचा, त्याला मधोमध चीर द्यायची, हापूसच्या झाडावरून काडी तोडून आणायची, ती पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ही पद्धत कोकणभर पोचवली. त्याआधी भेटकलमाचे दिवस होते. त्यात काडी तोडत नसत. रायवळाचं रोपच उचलून हापूसच्या फांदीपाशी न्यायचं, दोघांची साल तासून जखमेला जखम लावायची, बांधायचं आणि दोन-तीन महिने थांबायचं. तोवर फांदी आपल्या मूळ झाडाच्याच रसावर जगते. सांधा धरला याची खात्री पटली की मगच तिला झाडापासून तोडायचं.

माणसाची कातडी एका जागेवरून दुसऱ्या जागी लावताना शल्यविशारदापुढे हेच दोन मार्ग असतात. कातडी पूर्ण सोडवून आणून उघड्या जखमेवर बसवली की तो ग्राफ्ट. तिचं एक टोक मूळ जागी तसंच ठेवून, रक्तवाहिनीसकट वळवून नेली आणि नवी जागा धरेपर्यंत ते टोक तोडलं नाही, की तो फ्लॅप. ग्राफ्ट म्हणजे कोय कलम, फ्लॅप म्हणजे भेटकलम. रत्नागिरीच्या माणसाला यापेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही. दोन्हींचं यश एकाच प्रश्नावर अवलंबून असतं: हलवलेल्या कातडीने, नव्या जागेचं रक्त मिळेपर्यंतचे दिवस कशावर काढायचे?

या प्रश्नाचं एक चोख उत्तर सव्वादोनशे वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका कुंभाराला ठाऊक होतं. आजची प्लास्टिक सर्जरी ज्या काही मोजक्या घटनांपासून आपला इतिहास सांगते, त्यांत त्याने केलेली शस्त्रक्रिया फार वरच्या जागी आहे.

ज्या युद्धातून ती घडली त्याचा एक रस्ता रत्नागिरी जिल्ह्यातून गेला होता. टिपू सुलतानाविरुद्ध इंग्रज, पेशवे आणि निजाम एकत्र आले, तेव्हा १७९० च्या मे महिन्याअखेरीस कॅप्टन जॉन लिटलच्या हाताखालची मुंबईची पलटण शास्त्री नदीने आत येऊन संगमेश्वरला उतरली. पावसाळा तोंडावर होता. आंबा घाट चढून ती परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेला मिळाली आणि पुढे धारवाडच्या वेढ्यात राहिली. त्या काळच्या लढाईत तोफा, दारूगोळा, धान्य सगळं बैलांवर चाले. बैल आले म्हणजे बैलवाले आले. शिपाई नसूनही शिपायाइतकंच मरण अंगावर घेणारी ही माणसं. त्यांच्यापैकीच एक इंग्रजी फौजेच्या चाकरीतला मराठा शेतकरी. इंग्रजी कागदांत त्याचं नाव ‘कावसजी’ असं पडलं आहे. कुणब्या-मराठ्याच्या घरचं नाव म्हणून ‘कावजी’ अधिक शोभतं, पण छापलं गेलं ते कावसजी. १७९२ मध्ये तो टिपूच्या माणसांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचं नाक कापलं आणि एक हातही तोडला. अशा अवस्थेत तो श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेत परतला. कंपनीने त्याला पेन्शन दिलं.

वर्षभराहून जास्त काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ एका माणसाने त्याला नवं नाक बसवलं. हा माणूस विटा भाजणाऱ्या जातीतला, म्हणजे कुंभार. मुंबई इलाख्याच्या चाकरीतल्या टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ‘बी. एल.’ अशा आद्याक्षरांच्या सहीच्या पत्रात त्याचा तपशील चित्रासकट छापून आला.

तो तपशील आजही शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याला वाचायला द्यावा इतका नेमका आहे. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या खुंटावर बसवायचा आणि दाबत-वळवत त्याचं शोभेलसं नाक करायचं. मग तो काढून, सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. त्या रेघेने जेवढी कातडी वेढली तेवढी कपाळावरून सोडवायची, मात्र दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवायची. नाकाच्या खुंटावरचा जुना व्रण खरवडून ताजा करायचा. त्याच्यालगत, दोन्ही नाकपुड्यांच्या बाजूने आणि वरच्या ओठावरून, एक खाच पाडायची. कपाळाची कातडी खाली आणून अर्धी पिळायची, म्हणजे बाहेरची बाजू बाहेरच राहते. तिच्या कडा त्या खाचेत बसवायच्या. टाका एकही नाही. सांधा धरून ठेवायला काथ पाण्यात मऊ करून कापडाच्या पट्ट्यांवर लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक चिकटवायच्या. कोकणात खैराच्या लाकडापासून काढतात तोच हा काथ. तो तुरट असतो आणि वाळला की घट्ट धरतो.

चार दिवस त्याला हात लावायचा नाही. मग पट्ट्या काढून तुपात भिजवलेलं कापड ठेवायचं. पाच-सहा दिवस रुग्णाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे. आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी, दोन डोळ्यांमधली ती पट्टी कापायची.

हे सगळं भूल न देता. ईथरने भूल देऊन केलेली शस्त्रक्रिया जगाने जाहीरपणे पाहिली ती १८४६ साली, अमेरिकेत. कावसजीला त्याआधी अर्धं शतक कपाळ सोलून घ्यावं लागलं.

यातली सगळ्यात मोलाची गोष्ट ती अरुंद पट्टी आणि ते पंचवीस दिवस. भुवईच्या आतल्या टोकाशी, डोळ्याच्या खोबणीतून एक बारीक रोहिणी वर येते आणि कपाळाच्या मधल्या भागाला रक्त पुरवते. कुंभाराने जी पट्टी राखली, ती नेमकी या रोहिणीच्या वाटेवर होती. कपाळाची कातडी खाली नाकावर आली तरी तिचं रक्त जुन्याच वाटेने येत राहिलं. दरम्यान खाचेत बसवलेल्या कडांतून नव्या केशवाहिन्या आत शिरत होत्या. तीन आठवड्यांत त्या एवढ्या होतात की जुनी वाट बंद केली तरी नाक जगतं. पट्टी आठव्या दिवशी कापली असती तर नाक काळं पडून गळून गेलं असतं. तिचा पीळ फार घट्ट बसला असता तर रक्त आत आलं असतं पण बाहेर पडलं नसतं, आणि नाक निळं होऊन सडलं असतं. पत्रातही स्पष्ट म्हटलं आहे की ही पट्टी नव्याजुन्याचा सांधा धरेपर्यंत रक्ताभिसरण चालू ठेवते.

आज नाकाचा मोठा भाग कर्करोगाने किंवा अपघाताने गेला, तर जगातल्या कुठल्याही प्लास्टिक सर्जनला प्रथम आठवतो तो कपाळाचाच फ्लॅप. डॉप्लर यंत्राची कांडी भुवईजवळ टेकवून तो रोहिणीचा ठोका ऐकतो, साच्यासाठी मेणाऐवजी टाक्याच्या पाकिटाचा पातळ पत्रा वापरतो, आणि पट्टी साधारण तीन आठवड्यांनी कापतो. मूळ कृती तीच.

चित्रकार जेम्स वेल्स तेव्हा पुण्यात होता. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रं काढणारा हाच. त्याने १७९४ च्या जानेवारीत कावसजीचं चित्र काढलं, विल्यम नटरने ते धातूच्या पत्र्यावर कोरलं आणि ते विलायतेत छापून विकलं गेलं. रुग्णाचं नाव राहिलं. पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची, चित्रकाराची, कोरणाऱ्याचीही नावं राहिली. ज्याने नाक घडवलं त्याचं नाव मात्र कुणी विचारून टिपून ठेवलं नाही. त्याची जात लिहिली आणि काम भागवलं. वैद्यकाच्या इतिहासात अशी अन्यायाची उदाहरणं पुष्कळ आहेत, पण हे आपल्या दारातलं आहे, म्हणून जास्त लागतं.

सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती आहेच. तिथे झाडाच्या पानाचं माप घेऊन गालाची कातडी वळवायला सांगितली आहे, श्वासासाठी नळ्या बसवायला सांगितल्या आहेत, आणि वरून ज्येष्ठमधासारख्या औषधांचं चूर्ण टाकायला. पुण्याच्या कारागिराने गाल सोडून कपाळ घेतलं, आणि ही निवड सरस होती. कपाळाच्या कातडीचा रंग आणि जाडी नाकाशी जुळते, आणि तिच्या बुडाशी भरवशाची रोहिणी असते. ग्रंथातली विद्या आणि घराण्यातला हात यांच्यामध्ये कित्येक पिढ्यांनी करून-करून पाहिलेलं काहीतरी आहे. ते कुठल्याच पोथीत उतरलं नाही.

युरोपात त्याआधी इटलीच्या बोलोन्यातल्या गास्पारे तालियाकोत्सीने १५९७ मध्ये दंडाच्या कातडीचं नाक बांधण्यावर मोठा ग्रंथ लिहिला होता. त्याच्या रुग्णाला हात डोक्यावर बांधून, दंड नाकाला चिकटवलेल्या अवस्थेत तीन आठवड्यांच्या आसपास बसावं लागे. पुढे ही विद्या तिकडे मागे पडली. लंडनच्या जोसेफ कार्पूने पुण्याची कृती वाचली, मृतदेहांवर सराव केला आणि १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर ती करून पाहिली. तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तेव्हा तिथे खरोखर नाक आहे हे पाहून जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून देवाचं नाव निघालं. कार्पूने १८१६ मध्ये पुस्तक लिहिलं, दोन वर्षांत बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफेने त्याच विषयावर आपलं पुस्तक काढलं, आणि विद्या पुन्हा फिरू लागली. आपल्याकडे जुनागढचे डॉ. त्रिभुवनदास शाह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभरावर कापलेली नाकं बांधली आणि १८८९ मध्ये त्यांवर पुस्तकही लिहिलं.

ग्राफ्टची गोष्ट मात्र वेगळी, आणि बरीच अलीकडची. कातडीचा तुटलेला तुकडा रक्ताशिवाय जगतो यावर शल्यविशारदांचा विश्वास बसायला वेळ लागला. १८६९ मध्ये पॅरिसमध्ये ज्याक रेव्हर्दां याने चिमटीएवढे कातडीचे कण उघड्या जखमेवर पेरले आणि ते रुजलेले दाखवले. पुढच्या पाच-सहा वर्षांत ओलिए आणि थिएर्श या शल्यविशारदांनी पातळ सलग पट्ट्या लावून दाखवल्या. आज भाजलेल्या, चिरडलेल्या, सापाच्या विषाने कातडी सडलेल्या रुग्णांवर जे त्वचारोपण होतं, ते याच वाटेने आलेलं.

ही पट्टी निघते कशी ते पाहण्यासारखं असतं. बहुधा मांडी निवडतात, कारण ती कपड्याखाली झाकते. मांडीला तेलकट औषध चोळून मदतनीस लाकडी फळीने कातडी ताणून धरतो. सर्जन हंबीची सुरी हातात घेतो. हिचं पातं लांब असतं आणि पात्यापुढे एक गोल दांडी असते. तिचा स्क्रू फिरवून पट्टी किती जाड निघणार ते ठरवायचं. मग सुरी करवतीसारखी पुढेमागे हलवत नेली की पात्यावर पारदर्शक, सुरकुतलेली पट्टी गोळा होऊ लागते. जाडी मिलिमीटरच्या दोन-तीन दशांशांएवढी. मागे उरलेल्या मांडीवर रक्ताचे ठिपके उमटतात. सर्जन त्या ठिपक्यांकडे बघतो. बारीक आणि दाट असतील तर पट्टी पातळ निघाली. मोठे आणि विरळ असतील तर सुरी खोल जाते आहे.

मांडीवरची ती जागा दोनेक आठवड्यांत आपोआप भरून येते. पट्टीबरोबर कातडीचा फक्त वरचा थर आणि खालच्या थराचा थोडा भाग जातो. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी खोलवर तशाच राहतात. त्यांच्या भिंतींतल्या पेशी वर सरकतात आणि पृष्ठभाग पुन्हा झाकतात. आता भाजलेल्या जखमेकडे पाहा. भाजणं वरवरचं असेल तर ती याच न्यायाने भरते. खोल असेल, केसांची मुळंच जळून गेली असतील, तर मधून काही उगवत नाही. जखम फक्त कडांनी आकसत येते, आणि मग मान छातीला चिकटते, कोपर वाकलेलं राहतं, बोटं तळहातात रुततात. ग्राफ्ट वेळेवर लावायचा तो हे टाळण्यासाठी. घरात स्टोव्ह किंवा चुलीपाशी भाजलेली बाई घरचं आटोपता आटोपता सहा महिन्यांनी दवाखान्यात येते, तोपर्यंत हनुवटी छातीशी बांधली गेलेली असते. मग आधी ते आकसलेलं सोडवावं लागतं, तिथे पडलेल्या मोठ्या जखमेवर ग्राफ्ट लावावा लागतो, आणि पुढे कित्येक महिने मानेला पट्टा घालावा लागतो. पट्टा घालायचा कंटाळा केला की मान पुन्हा खाली येते.

ग्राफ्ट जखमेवर ठेवल्यावर पहिले एक-दोन दिवस तो जखमेतून झिरपणारा द्रव शोषून घेतो, तेवढ्यावरच त्याचं भागतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेतल्या केशवाहिन्यांची तोंडं ग्राफ्टमधल्या रिकाम्या केशवाहिन्यांना भिडतात. पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत रक्त नीट खेळू लागतं. या दिवसांत ग्राफ्ट आणि जखम यांच्यामध्ये रक्ताची गुठळी साठली, पू झाला किंवा ग्राफ्ट जरासा घसरला, तर भिडलेली तोंडं तुटतात आणि ग्राफ्ट जातो. म्हणूनच ग्राफ्टला बारीक चिरा देतात, म्हणजे खालचं पाणी बाहेर पडतं आणि तो जाळीसारखा ताणून जास्त जागाही झाकतो. म्हणूनच ‘पाय खाली सोडू नका’ असं नर्स दिवसातून दहा वेळा बजावते. पाचव्या दिवशी पहिली पट्टी सोडतात. ग्राफ्ट गुलाबी आणि चिकटलेला दिसला की वॉर्डातल्या सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो.

कातडी काढलेली मांडी मात्र ग्राफ्टपेक्षा जास्त दुखते, कारण तिथे मज्जातंतूंची टोकं उघडी पडलेली असतात. त्यावर लावलेली जाळीची पट्टी चिकटून बसते आणि सोडताना रुग्ण कळवळतो. मुंबईच्या शीव इथल्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी यावर केळीचं पान वापरून पाहिलं. निर्जंतुक केलेल्या पानाचा मेणचट, गुळगुळीत पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही, आणि पट्टी बदलताना जवळपास वेदना होत नाही. भाजलेल्या जखमांवर आणि कातडी काढलेल्या जागांवर पानाचा उपयोग कसा होतो, याचे त्यांचे अभ्यास २००३ मध्ये ‘बर्न्स’ या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. त्याच्या बऱ्याच आधी, १९८५ मध्ये, मुंबईच्याच डॉ. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी तयार केली होती. परदेशी पट्ट्यांच्या किमती ज्या रुग्णांना परवडत नाहीत, त्यांच्यासाठी हे काम झालं. त्याचं महत्त्व कुठल्याही महागड्या यंत्रापेक्षा कमी नाही.

ग्राफ्टला एक अट असते. खालची जमीन रक्ताची हवी. मांसावर तो धरतो, चरबीवर जेमतेम धरतो, पण उघड्या पडलेल्या हाडावर, ज्याच्यावरचं आवरणही सोललं गेलं आहे अशा हाडावर, तो धरत नाही. इथे फ्लॅपला पर्याय नाही.

मुंबई-गोवा महामार्गावर दुचाकी घसरून चाकाखाली पाय गेला, तर नेमकं हेच होतं. नडगीचं हाड कातडीला लागूनच असतं, मध्ये मांसाचा थर जवळजवळ नसतो. हाड मोडतं, वरची कातडी सोलून निघते आणि आतलं हाड उघडं पडतं. ते उघडं राहिलं की वाळतं, त्यात जंतू शिरतात, आणि वर्षानुवर्षं पू वाहतो. गुडघ्याखालचा भाग असेल तर पोटरीचा एक स्नायू सोडवून पुढे वळवता येतो. नडगीच्या मधल्या भागाला त्याच्या खालचा दुसरा स्नायू पुरतो. घोट्याजवळच्या शेवटच्या तृतीयांशात वळवायला स्नायूच उरत नाही. तिथे बऱ्याचदा दूरवरची कातडी किंवा स्नायू तिच्या रोहिणी आणि नीलेसकट पूर्ण सोडवून आणतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पायाच्या रक्तवाहिन्यांना जोडतात. हा मुक्त फ्लॅप. दीड-दोन मिलिमीटर व्यासाच्या नळ्या, आणि केसाहून बारीक धागा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला हे साधलं आणि पंचवीस दिवस थांबण्याची गरजच उरली नाही. त्याच्या बदल्यात पहिले दोन दिवस तासातासाला नर्सला फ्लॅपपाशी यावं लागतं. ती बोट दाबून रंग परततो का ते पाहते, हात लावून ऊब पाहते. तो निळसर दिसू लागला तर मध्यरात्रीही रुग्णाला पुन्हा टेबलावर घेतात. नीला बंद पडून रक्त साचलं, तर कधी-कधी जळवा लावतात. सुश्रुताच्या जळवा अशा तऱ्हेने सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी येऊन बसल्या आहेत.

सूक्ष्मदर्शक नव्हता तेव्हा माणसांनी काय काय सोसलं ते पहिल्या महायुद्धात दिसलं. चेहरे उद्ध्वस्त झालेले सैनिक इंग्लंडमध्ये सिडकपच्या रुग्णालयात येत. तिथे हॅरॉल्ड गिलीज यांनी १९१७ मध्ये कातडीच्या पट्टीच्या कडा एकमेकींना शिवून तिची बंद नळी केली. कच्चा भाग आत गेला, त्यामुळे जंतुसंसर्ग थांबला. ही नळी पोटावरून मनगटावर, मनगटावरून चेहऱ्यावर, अशी महिन्या-महिन्याच्या अंतराने टप्प्याटप्प्याने नेता येई.

याच गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया मायदेशी परतले आणि त्यांनी ही विद्या कुष्ठरुग्णांकडे वळवली. रत्नागिरीला या वळणाचं मोल वेगळं सांगायला नको. कुष्ठरोग या किनाऱ्यावर फार जुना. एकोणिसाव्या शतकात सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून रत्नागिरीत कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभं राहिलं, त्यामागे हीच परिस्थिती होती. कुष्ठरोगात नाक बसतं. पण ते कापलेल्या नाकासारखं नसतं. बाहेरची कातडी शाबूत असते, आतलं अस्तर आणि कूर्चा झिजून गेलेली असते, म्हणून नाक आत खेचलं जातं. इथे कपाळाची कातडी आणून भागत नाही. गिलीज यांची युक्ती अशी होती की आतून ते आकसलेलं अस्तर सोडवायचं, नाक पुढे आणायचं आणि आत पातळ ग्राफ्टचं नवं अस्तर बसवायचं. अंतिया यांनी पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात असे नाक-हात दुरुस्त केले, पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारला. रोग औषधाने बरा झाला तरी चेहरा तोच राहिला तर गाव माणसाला आत घेत नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं. त्या काळी कुष्ठरुग्णाला ऑपरेशन थिएटरच्या टेबलावर घेणं हीच धाडसाची गोष्ट होती.

आज महाराष्ट्रात फ्लॅप सर्वांत जास्त कशासाठी लागत असेल, तर तोंडाच्या कर्करोगासाठी. तंबाखू, गुटखा, आणि कोकणातल्या बायकांची मिश्री. गालाचा तुकडा जबड्यासकट काढला की तोंडाला आरपार भोक पडतं. लाळ गळते, गिळता येत नाही. छातीचा मोठा स्नायू वरच्या कातडीच्या तुकड्यासकट, गळ्याच्या हाडावरून फिरवून वर आणायचा, ही रीत १९७९ पासून रूढ झाली आणि अजूनही हजारो रुग्णांना ती तारून नेते. अशा रुग्णाला डॉक्टर सगळ्यात आधी तंबाखू सोडायला सांगतात. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आणि ज्या फ्लॅपचं आयुष्यच एका रोहिणीवर टांगलेलं आहे त्याला तेवढं आखडणंही पुरे होतं.

नव्या जागी गेलेली कातडी आपल्या जुन्या सवयी सोडत नाही. पोटाची कातडी हाताच्या पाठीवर लावली आणि माणूस पुढे लठ्ठ झाला, तर हातावरचा तो भागही फुगतो. कपाळाचा फ्लॅप फार वर, केसांच्या रेषेपर्यंत नेला तर नाकावर केस उगवतात. पातळ ग्राफ्टमध्ये तेलाच्या आणि घामाच्या ग्रंथी नीट चालत नाहीत. तो कोरडा पडतो, म्हणून रोज खोबरेल चोळावं लागतं. उन्हात काळवंडतो, म्हणून झाकावा लागतो. या गोष्टी रुग्णाला घरी सोडताना कुणीतरी बसून सांगायला हव्यात. अनेकदा तेवढा वेळ कुणापाशी नसतो, आणि चांगली झालेली शस्त्रक्रिया घरी जाऊन बिघडते.

उरतो तो सगळ्यात अवघड रुग्ण. अर्ध्याहून जास्त अंग खोल भाजलेला. त्याच्या अंगावर ग्राफ्ट काढायला पुरेशी जागाच शिल्लक नसते. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही भीती अनोळखी नाही. अशा वेळी मृत व्यक्तीची दान केलेली कातडी वापरतात. ती कायमची धरत नाही, शरीर दोन-चार आठवड्यांत तिला नाकारतं. पण तेवढे दिवस ती अंगातलं पाणी बाहेर जाऊ देत नाही, जंतूंना आत येऊ देत नाही, वेदना कमी करते. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात २००० मध्ये त्वचा बँक सुरू झाली. त्यामागेही डॉ. माधुरी गोरे होत्या. पुढे ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरने हे काम मोठ्या प्रमाणावर केलं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत कातडी घ्यावी लागते. मांड्या, पाय आणि पाठीवरून पातळ थर काढतात, रक्तस्राव होत नाही, तासाभराच्या आत काम आटोपतं आणि देह पट्ट्या बांधून कुटुंबाला परत मिळतो. रक्तगट जुळवावा लागत नाही. एचआयव्ही, कावीळ किंवा कातडीचा कर्करोग असलेल्यांची कातडी घेत नाहीत. ग्लिसरॉलमध्ये, चार अंश तापमानात ती पाच वर्षांपर्यंत टिकते.

रत्नागिरीपासून ऐरोली तीनशे किलोमीटरहून लांब आहे. सहा तासांच्या मुदतीत मुंबईच्या पथकाने इथवर येणं कठीण. म्हणून दान स्वीकारणारी शिकलेली माणसं जिल्ह्याच्या ठिकाणीच असायला हवीत. घेतलेली कातडी मग शांतपणे बँकेत पोचवता येते. नेत्रदानाचा फॉर्म भरणारी घरं कोकणात आहेत. त्याच घरांना त्वचादानाबद्दल सांगायचं काम राहिलं आहे. कारण त्या उसन्या आवरणाखाली रुग्णाने दोन-तीन आठवडे काढले की त्याच्या मांडीवरची जागा भरून येते, आणि डॉक्टर त्याच जागेवरून दुसऱ्यांदा ग्राफ्ट काढू शकतात.